अकराव्या आठवड्यातला बाण

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाला काय शिकवायचं, हे ठरवायला सात माणसं बसतात. त्यांतल्या सहांना पहिल्या वर्षाला कोण बसतं याचा पत्ता नसतो. त्या सहांपैकी एक मी. शिकवतो फिजिक्स, पण अभ्यास मंडळाचा सदस्य-सचिवही मीच, म्हणजे बाकीचे बोलतील ते लिहून घेणारा, खोलीची किल्ली आणणारा आणि चहा सांगणारा. माणूस भरपूर शिकलेला असला की मूर्खपणासुद्धा किती व्यवस्थित, फाइल लावून करतो, हे मी तिथे अगदी जवळून पाहिलं.

सातवे ते ड्रॉइंगचे सर. पोरं त्यांना काटकोन म्हणायची, आणि पाठीमागे आम्हीही. बसणं, चालणं, बोलणं सगळं सरळ. शर्टाच्या खिशात दोन पेन्सिली, एक कठीण शिशाची, एक मऊ. वर्गात आल्याबरोबर फळा ओल्या फडक्याने पुसायचा, मग कोरड्याने, आणि तो पूर्ण वाळेपर्यंत कोणाशी बोलायचं नाही. रेघ जाड आली की शीट परत. तीन-तीनदा परत आलेली शीट घेऊन पोरं त्यांना मनसोक्त शिव्या घालायची, आणि नोकरीला लागली की पहिली भेट त्यांनाच द्यायला यायची.

मंडळावर ते 'विशेष निमंत्रित' होते. विशेष निमंत्रिताला मत नसतं, खुर्ची असते. तीही दाराला लागून, म्हणजे शिपाई आत आला की दार आधी त्यांच्या पाठीला लागायचं. याचं कारण, काटकोनांना पदवी नव्हती. एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात बारा वर्षं घासून ते इथे आले होते. पदवी नसलेल्या माणसाला पदवीच्या अभ्यासक्रमातलं काय कळणार, असं आमचं ठरलेलं होतं.

आता हा अभ्यासक्रम तयार कसा होतो ते सांगतो. प्रत्येक विभाग आपापल्या विषयाचा कागद पाठवतो. गणिताचा कागद, मेकॅनिक्सचा कागद, केमिस्ट्रीचा, कॉम्प्युटरचा, माझा. एकाने दुसऱ्याचा कागद वाचायचा नाही, तो आगाऊपणा समजतात. मी ते सगळे एकावर एक ठेवतो आणि स्टेपल करतो. या स्टेपल करण्याला आमच्याकडे अभ्यासक्रमाची रचना म्हणतात.

सभेत भांडण होतं ते तासांवरून. पहिलं वर्ष कोणाच्याच विभागाचं नसतं, त्यामुळे ते चाळीतल्या सामायिक अंगणासारखं असतं. झाडायला कोणी नाही, खाट टाकायला सगळे. मग सत्र संपतं, निकाल लागतो, आणि एकशेऐंशी पोरांपैकी सत्तर-पंचाहत्तर मेकॅनिक्समध्ये आडवी होतात. सलग दोनदा मेकॅनिक्स गेलं की नाव कमी करायचं, असा आमचा नियम. दर वर्षी वीस-बावीस पोरं सामान उचलून घरी जायची. त्यावर आम्ही कारणमीमांसेची सभा घ्यायचो, आणि मी लिहायचो, 'विद्यार्थ्यांचा पाया कच्चा.' हे वाक्य मी अकरा वर्षांत अकरा वेळा लिहिलं. पाया घालायचं वर्ष आमच्या हातात, आणि पाया कच्चा असल्याची तक्रारही आमचीच. पण त्या खोलीत कधी कोणाला हसू आलं नाही. मलाही नाही.

अकराव्या वर्षीच्या सभेला काटकोन एक गुंडाळी घेऊन आले. अध्यक्षांच्या, म्हणजे आमच्या डीनसाहेबांच्या समोर येऊन म्हणाले, "जरा कप उचला."

साहेबांनी कप उचलला. काटकोनांनी ती गुंडाळी टेबलभर पसरली आणि चारी कोपऱ्यांवर आमच्याच बशा ठेवल्या. ड्रॉइंगच्या चार शीट जोडून केलेली ती एक लांबलचक शीट होती. वर सत्राचे सोळा आठवडे, बाजूला सगळे विषय. कोणती गोष्ट कुठल्या आठवड्यात शिकवली जाते तिथे काळा ठिपका, कुठल्या विषयात वापरली जाते तिथे पोकळ ठिपका, आणि शिकवण्याच्या आधीच वापरली असेल तर त्या दोघांमध्ये लाल रेघ. काम त्यांच्या हातचं, म्हणजे प्रत्येक अक्षर छापल्यासारखं. लाल रेघा मात्र जिकडेतिकडे होत्या.

"एकतीस आहेत," ते म्हणाले. "मी सगळ्यांबद्दल बोलत नाही. फक्त ही एक बघा. मेकॅनिक्सच्या तिसऱ्या आठवड्यात सर फळ्यावर एक अक्षर लिहितात आणि त्याच्या डोक्यावर बाण काढतात. व्हेक्टर. तो बाण म्हणजे काय, हे गणितात सांगतात अकराव्या आठवड्यात. मधले आठ आठवडे पोराने काय करायचं?"

मेकॅनिक्सवाले म्हणाले, "आम्ही धरून चालतो की त्यांना येतं."

गणिताचे विभागप्रमुख म्हणाले, "आम्ही धरून चालतो की मेकॅनिक्सवाले सांगतात."

एवढं बोलून दोघांनी एकाच वेळी बिस्किटाला हात घातला.

या गणितवाल्यांना पोरं वहीवाले म्हणायची. एकोणीस वर्षांपूर्वी लिहून काढलेली एक तपकिरी वही होती, तीच ते दर वर्षी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून दाखवायचे. विनोदसुद्धा समासात लिहिलेले. सत्तेचाळिसाव्या पानावरचा विनोद आदल्या वर्षीची पोरं नव्यांना आधीच सांगून ठेवायची, म्हणजे हसायला चूक नको.

"व्हेक्टर आधी घ्यायला काय हरकत आहे?" काटकोनांनी विचारलं.

"हरकत? अहो, क्रम असतो गणिताला," वहीवाले म्हणाले. "आधी मॅट्रिक्स, मग श्रेढी, मग व्हेक्टर. ते एकशेबाराव्या पानावर येतात. उद्या म्हणाल शेवटचं पान आधी वाचा. वही शिवलेली आहे माझी, सुटी पानं नाहीत."

त्यांनी हे गंभीरपणे सांगितलं आणि मंडळाने ते गंभीरपणे ऐकलं. त्या बाणाचं घोडं एका शिवलेल्या वहीपाशी अडलं होतं आणि आम्ही सगळे त्या वहीच्या बाजूने माना डोलावत होतो.

साहेबांनी समजूतदार चेहरा केला. तो त्यांना चांगला जमतो. म्हणाले, "सूचना उत्तमच आहे. पण गणिताला हे सुरुवातीला जादा घ्यायचं तर तास लागणार. ते कोण देणार?"

तास मागताना सगळ्यांना कंठ फुटतो, द्यायचे म्हटले की सगळे छताकडे बघतात.

"माझे घ्या," काटकोन म्हणाले. "ड्रॉइंगला आठवड्याचे सहा तास आहेत. चार घ्या."

सहातले चार म्हणजे ड्रॉइंग संपलंच. ज्या माणसाने वाळलेल्या फळ्याशिवाय रेघ मारली नाही, त्याने आपला विषय उचलून टेबलावर ठेवला होता, बशांच्या मध्ये. मी लिहिता लिहिता थांबलो. बाकी कोणी थांबलं नाही. साहेब "वा, वा" म्हणाले, आणि चार तास मोकळे झाल्याचा ठराव पाच मिनिटांत झाला.

मग चहाची दुसरी फेरी आली. ती पिता पिता साहेबांना आठवलं की हल्लीच्या मुलांमध्ये आत्मविश्वास नसतो. त्यासाठी 'नेतृत्व व व्यक्तिमत्त्व विकास' असा विषय हवा, शिकवायला योग्य माणूसही आहे, आणि योगायोगाने चार तासही आहेत. योग्य माणूस म्हणजे साहेबांचे साडू. आधी ते घरोघरी पाणी गाळायची यंत्रं विकायचे. ती खपेनात, तेव्हा त्यांना लोकांना प्रेरणा द्यावीशी वाटू लागली.

"आणि गणिताचं?" काटकोनांनी दारापाशी बसून विचारलं.

"गणिताचं पुढच्या वर्षी बघू," साहेब म्हणाले. "अनुकूल असतील त्यांनी हात वर करा."

पाच हात वर गेले, साहेबांचा सहावा. त्या पाचांत माझाही एक होता. फार जोर लावावा लागला नाही.

सभा संपल्यावर मी त्यांच्या मागोमाग ड्रॉइंग हॉलमध्ये गेलो. उंच स्टुलांच्या रांगा, उतरती टेबलं, पेन्सिलीच्या सालींचा वास. ते शीट गुंडाळत होते. मला म्हणाले, "ही तुमच्या कपाटात राहू दे. घरी नेली तर ही त्यावर कापड बेतायला घेईल." 'ही' म्हणजे वहिनी. त्या घरीच शिवणकाम करतात. मी गुंडाळी घेतली. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हटलं, "सर, एवढं काय आहे त्या बाणात? तुमचा तर विषयही नाही तो."

ते स्टुलावर बसले. मग जे सांगितलं ते असं.

एक्केचाळीस वर्षांपूर्वी ते याच कॉलेजात पहिल्या वर्षाला आले होते. शाळेत कायम पहिला नंबर. वडील पोस्टमन. पत्रं वाटता वाटता वडिलांनी सगळ्या वस्तीला सांगून ठेवलं होतं की आमचा इंजिनिअर होतोय. तिसऱ्या आठवड्यात मेकॅनिक्सच्या सरांनी अक्षरावर बाण काढला.

"मला वाटलं, हे शाळेत झालं असेल आणि त्या दिवशी मी गैरहजर असेन," काटकोन म्हणाले. "पण मी शाळेत एक दिवस गैरहजर नव्हतो. बाजूच्याकडे बघितलं, तो भराभरा उतरवून घेत होता. म्हटलं, सगळ्यांना येतंय, आपल्यालाच येत नाही. विचारायची लाज वाटली. मग एकदा का ते सुटलं, पुढचं सगळं सुटत गेलं. दोनदा नापास. नाव कमी."

"आणि मग?"

"मग ड्रॉइंग ऑफिस. चारेक वर्षांनी तो बाजूचा मित्र भेटला, त्याच्या जुन्या वह्या रद्दीत निघाल्या होत्या, त्या घेऊन आलो. गणिताची वही चाळली. अकराव्या आठवड्याच्या तारखेखाली लिहिलेलं, व्हेक्टर म्हणजे काय. पहिल्या ओळीपासून, बाण कसा काढायचा तिथपासून." त्यांनी मऊ पेन्सिल खिशातून काढली आणि परत ठेवली. "मी ढ नव्हतो हो. मला आठ आठवडे आधी विचारलं होतं."

"वडिलांना सांगितलंत?"

"वही घेऊनच गेलो होतो. ते म्हणाले, मग बाकीची पोरं कशी पास झाली? याला काय उत्तर देणार? ते गेले तोवर मी त्यांच्या लेखी ढच होतो." मग उठून फळ्याकडे वळले. "पुढच्या वर्षी मी रिटायर होतो. जायच्या आधी तो एक बाण हलला पाहिजे. बाकीचं राहू दे."

मी "हो, हो, बघू" म्हटलं. हे शब्द मला साहेबांकडून येऊन चिकटले होते. शीट कपाटाच्या तळाशी, जुन्या उत्तरपत्रिकांच्या मागे ठेवली आणि कपाट लावून घेतलं.

नवीन वर्ष सुरू झालं. साडूसाहेब आले. ते मुलांना डोळे मिटून मागे पडायला लावायचे आणि बाकीच्यांनी त्याला झेलायचं, याने म्हणे विश्वास वाढतो. पहिल्याच आठवड्यात एकाला कोणी झेललं नाही, त्याच्या कोपराला टाके पडले. विश्वासाचा तास मग खुर्चीवर बसून होऊ लागला.

मला शोध लागला तो महिन्याभराने, माझ्या फिजिक्सच्या लॅबमध्ये. एक मुलगी दोन दोऱ्यांना वजनं लटकवून त्यांचा एकत्र परिणाम काढत होती. इतरांच्या वेळी मी इथे हटकून ओरडायचो, कारण पोरं सरळ बेरीज करायची. हिने न विचारता एक बाण काढला, त्याच्या टोकाला दुसरा जोडला, सुरुवातीपासून शेवटापर्यंत रेघ मारली आणि पट्टीने मोजली.

"हे कुठे शिकलीस?"

"ड्रॉइंगला. काटकोन सरांनी..." तिने जीभ चावली. "म्हणजे ड्रॉइंगच्या सरांनी शिकवलं, सर."

मी ऑफिसात जाऊन ड्रॉइंगचा मंजूर कागद काढला. पहिला घटक, 'रेषा: प्रकार, लांबी, दिशा व जोडणी.' आठ तास. मीच तो टाइप केला होता, मंडळाने मंजूर केला होता, आणि आमच्यापैकी एकानेही वाचला नव्हता. ड्रॉइंगच्या कागदात रेषा असणारच, त्यात वाचायचं काय? काटकोनांनी उरलेल्या दोन तासांत, पहिल्या चार आठवड्यांत, मापाने बाण काढायला लावून तो सगळा धडा उरकून टाकला होता. पोरांना सांगायचे, "या तिसऱ्या रेघेला मेकॅनिक्सवाले वेगळं नाव देतील. घाबरायचं नाही. रेघ तीच आहे."

त्या सत्रात मेकॅनिक्समध्ये एक्केचाळीस नापास झाले. आदल्या वर्षी चौऱ्याहत्तर होते.

मग पुन्हा वर्षाची सभा. साहेबांनी निकालाचा कागद हातात घेऊन सगळ्यांकडे असं पाहिलं की जणू ती पोरं त्यांनी स्वतः झेलली होती. म्हणाले, "आत्मविश्वास! मी म्हणत नव्हतो?" साडूसाहेबांना खास बोलावलं होतं. त्यांना पुष्पगुच्छ दिला गेला. त्यांनी यशाचं श्रेय नम्रपणे स्वतःच्या पद्धतीला दिलं. वहीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, मेकॅनिक्सवाल्यांनीही. आपल्याच विषयात पोरं कशी पास झाली, असा प्रश्न मेकॅनिक्सवाल्यांना पडला नाही. नापास कशी होतात, असाही कधी पडला नव्हता.

"तेव्हा ड्रॉइंगचे उरलेले दोन तासही नेतृत्वाला द्यावेत, असं मला वाटतं," साहेब म्हणाले. "हल्ली सगळं कॉम्प्युटर काढतो. शिवाय आपले सर या महिन्याअखेर निवृत्तच होताहेत. योग जुळून आलाय."

मी दाराकडे पाहिलं. काटकोन सरळ बसले होते. शिपाई चहा घेऊन आला, दार त्यांच्या पाठीला लागलं, त्यांनी खुर्ची थोडी पुढे घेतली. बस्स. आणि मला इतका संताप आला की काय सांगू. साहेबांचा आला, साडूंचा आला, आणि कपाट लावून घेणाऱ्या सदस्य-सचिवाचा सगळ्यांत जास्त आला.

बारा वर्षांत पहिल्यांदा मी त्या खोलीत उभा राहिलो. सगळं सांगितलं. रेषांचा घटक, त्यातले बाण, माझ्या लॅबमधली मुलगी, चौऱ्याहत्तराचे एक्केचाळीस. हे दोन तास काढलेत तर पोरं पुन्हा तिसऱ्या आठवड्यात आंधळी होतील, म्हटलं. ड्रॉइंग काढायचंच असेल तर निदान गणितात तरी व्हेक्टर आधी घ्या.

साहेबांनी शांतपणे ऐकलं. मग तोच समजूतदार चेहरा. "फार चांगला मुद्दा मांडलात. नोंद घ्या."

आमच्याकडे एखाद्या गोष्टीची बोळवण करायची असली की 'नोंद घ्या' म्हणतात. आणि नोंद घेणारा मीच, त्यामुळे मला खाली बसून स्वतःचा मुद्दा स्वतःच पुरायचा होता. ड्रॉइंगचे दोन तास गेले. यावेळी माझा हात खाली होता. ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी माझ्या टेबलाशी सभेचं इतिवृत्त लिहायला बसलो. हे इतिवृत्त पुढच्या सभेत 'कायम' करायचं असतं. प्रत्येक सभेचा पहिला विषय तोच, 'मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे.' त्याला लागतं अर्धं मिनिट. मी कागद फिरवतो, चहा येतो, सगळे सह्या करतात. सही झाली की त्यात लिहिलंय तेच घडलं, मग कोणाला काय आठवतं ते आठवो. बारा वर्षांत एकाही माणसाने तो कागद वाचल्याचं मी पाहिलेलं नव्हतं.

साहेबांनी सांगितलं होतं, नोंद घ्या. मी घेतली.

विषय क्रमांक सातखाली लिहिलं: 'गणिताच्या पहिल्या चार आठवड्यांत सदिशांची (व्हेक्टर) ओळख करून द्यावी, असे सर्वानुमते ठरले. ठराव गणित विभागप्रमुखांनी मांडला.' शेवटचं वाक्य लिहिताना फार बरं वाटलं, आणि लिहून झाल्यावर मी कागद उलटा ठेवला. पकडलं गेलं असतं तर नोकरी गेली असती. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "वाचतील कशावरून?" बारा वर्षं माझ्या तोंडून या सभांच्या कथा तिने ऐकल्या होत्या.

महिन्याभराने सभा झाली. तोवर काटकोन निवृत्त झालेले. दाराजवळच्या खुर्चीवर आता साडूसाहेब होते, पण शिपायाला सांगून ठेवलं होतं, दार जपून उघडायचं. पहिला विषय आला. मी कागद फिरवला. वहीवाल्यांना पेन सापडेना, मी माझं दिलं. त्यांनी चहाचा घोट घेत सही केली, मेकॅनिक्सवाल्यांनी केली, साहेबांनी सगळ्यांत खाली, सगळ्यांत मोठी केली. साहेब म्हणाले, "पुढचा विषय?"

सत्र सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात छापील पुस्तिका आली आणि वहीवाले ती हातात नाचवत माझ्या खोलीत शिरले.

"हे कोणी ठरवलं?"

"तुम्हीच, सर. ठराव तुम्ही मांडला होता." मी फाइल उघडली. "ही तुमची सही."

त्यांनी सही पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. सुटायचा एकच मार्ग होता, आपण न वाचता सही करतो असं म्हणायचं. आणि ते म्हटलं की गेल्या एकोणीस वर्षांच्या सगळ्याच सह्यांचा प्रश्न आला असता. ते खुर्चीत बसले. अगदी काकुळतीला येऊन म्हणाले, "वही शिवलेली आहे हो माझी."

"मग एकशेबाराव्या पानापासून उघडा, सर."

त्यांनी उघडली. दुसऱ्या आठवड्यात मी त्यांच्या वर्गावरून मुद्दाम गेलो. फळ्यावर अक्षर होतं, अक्षरावर बाण होता, आणि वहीवाले पहिल्या ओळीपासून वाचत होते. पोरं खाली माना घालून लिहून घेत होती. समासातला विनोदही झाला असावा, कारण सगळी एकदम हसली.

त्या संध्याकाळी मी कपाटाच्या तळातून ती गुंडाळी काढली, तिच्यावरची धूळ झटकली आणि काटकोनांच्या घरी गेलो. पुढच्या खोलीत वहिनींचं कापड बेतायचं मोठं टेबल. त्यांनी कापड बाजूला केलं, आम्ही शीट पसरली, आणि कोपऱ्यांवर त्यांच्या कात्र्या ठेवल्या.

"झालं का एकदाचं?" वहिनी म्हणाल्या. "भावोजी, आधी बाही जोडायची आणि मग कापड कापायचं, असं मी केलं असतं ना, तर गिऱ्हाइकाने दुसऱ्या दिवशी तोंड दाखवलं नसतं. तुमच्याकडे मात्र चाळीस वर्षं चालतं."

"कितव्या आठवड्यात?" काटकोनांनी मध्येच विचारलं.

"दुसऱ्या. फळा मी स्वतः बघून आलोय."

"ठराव झाला कसा?"

मी सांगितलं. ते ऐकत राहिले. जाड रेघ परत करणारा माणूस, मला वाटलं, आता मलाही परत पाठवणार. "खोटं लिहिलंत म्हणजे," ते म्हणाले. मी "हो" म्हटलं. मग आत जाऊन खोडरबर घेऊन आले.

मेकॅनिक्सच्या तिसऱ्या आठवड्यापासून गणिताच्या अकराव्या आठवड्यापर्यंत गेलेली ती लाल रेघ त्यांनी एका टोकापासून खोडायला घेतली. घाई नाही. थोडं खोडायचं, फुंकर मारायची, पुढे सरकायचं. लाल शाई सहज जात नाही, कागद चुरमडला, तरी त्यांनी शेवटपर्यंत खोडली. वहिनी कात्री धरून बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांनी ते लपवलं नाही.

"राहिले तीस," काटकोन म्हणाले.

मला जरा चेवच चढला होता. म्हटलं, "आणि ते तीस आता कोण बघणार, सर? ही असली माणसं! समोर टेबलभर पसरलेली शीट, त्यावर बशा ठेवल्या, पण एकाने वाकून धड वाचली नाही. वाचायचं म्हणजे यांना जणू शिक्षा."

काटकोनांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि माझ्याकडे पाहिलं.

"दीड वर्ष तुमच्याच कपाटात होती ना?"

"हो."

"त्या तिसांतले नऊ फिजिक्सचे आहेत," ते म्हणाले, आणि खोडरबर माझ्यापुढे ठेवलं.